बापाचे सोंग

१९७३ साली इंग्लंडमध्ये एक युद्धपट झळकला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘अॅडॉल्फ हिटलर : त्याच्या पाडावातला माझा वाटा’. नाव ऐकून कुणा सेनापतीची आत्मकथा असेल असे वाटते. गोष्ट मात्र आहे तोफखान्यातल्या एका साध्या शिपायाची. टेरेन्स अॅलन मिलिगन हे त्याचे कागदोपत्री नाव. जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखते. इंग्रजी विनोदाची विसाव्या शतकातली चाल ज्यांनी बदलली, त्यांत त्याचे नाव पहिल्या काही माणसांत घेतले जाते. चित्रपटात तरुण स्पाइकचे काम जिम डेल या नटाने केले. त्या तरुणाचा बाप, लिओ मिलिगन, हे काम मात्र खुद्द स्पाइकने केले. तेव्हा तो पंचावन्नाच्या घरात होता, आणि खरा लिओ १९६९ मध्येच वारला होता.

तमाशात एखाद्याने भूमिका वठवली की त्याने ‘सोंग आणले’ असे आपल्याकडे म्हणतात. देव अंगात आणावा तसे सोंग अंगात आणायचे असते. स्पाइकने त्या चित्रपटात आपल्या वारलेल्या बापाचे सोंग आणले. भूमिका लहान आहे. पण ती नीट समजून घ्यायची तर लंडन सोडून आपल्याला नगरला यावे लागते, कारण या बाप-लेकाची गोष्ट तिथल्या छावणीत सुरू होते.

१६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, स्पाइकचा जन्म झाला. पहिले महायुद्ध अजून संपायचे होते. नगर हे तेव्हा शंभराहून अधिक वर्षे ब्रिटिशांचे लष्करी ठाणे होते. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोट किल्ला घेतला, आणि किल्ल्याशेजारी भिंगारच्या बाजूला छावणी वाढत गेली. बोअर युद्धातले कैदी इथे आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांनाही नगरलाच अडकवून ठेवले होते. एकीकडे निजामशाहीच्या मशिदी, महाल आणि बागा, दुसरीकडे बराकी, बिगुल आणि कवायतीचे मैदान. तोफखान्यात नोकरीला असलेल्या लिओ मिलिगनचा थोरला मुलगा अशा गावात जन्मला.

त्याच गावात, त्याच महिन्यात, अवघ्या नऊ दिवसांनी आणखी एक नट जन्माला आला. नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले शाहू मोडक. त्यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ चा. ‘श्यामसुंदर’मधला बालकृष्ण आणि ‘माणूस’मधला गणपत हवालदार मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. हे दोघे एकमेकांना कधी भेटले असतील असे मानायला काही आधार नाही, आणि छावणी व गाव यांच्यामधली तेव्हाची भिंत पाहता भेटण्याचे कारणही नव्हते. तरी नगरकराने मनात जपून ठेवावा असा हा योग आहे. १९१८ च्या एका एप्रिलमध्ये या गावाने पडद्याला दोन माणसे दिली. एक पुढे कृष्ण म्हणून घराघरांत पुजला गेला, दुसऱ्याने विदूषकाचा वसा घेतला.

लिओ मिलिगन आयर्लंडच्या स्लायगो गावचा. पोटासाठी ब्रिटिश लष्करात शिरला आणि हिंदुस्थानात आला. पण त्याचा जीव रंगभूमीत अडकला होता. गाणे, नाच, नकला, विनोदी सोंगे हे सारे त्याला येत होते, आणि ‘लिओ गॅन’ असे टोपणनाव घेऊन तो रंगमंचावर उभा राहत असे. त्याची बायको फ्लॉरेन्स हीसुद्धा लष्करी घरातली मुलगी. तिचे वडील तोफखान्यातच ट्रम्पेटवादक सार्जंट होते. ती गात असे, पियानो वाजवत असे. म्हणजे या घरात दोन्ही बाजूंनी तोफाही होत्या आणि सूरही होते.

छावणीतल्या या करमणुकीला हलके समजू नये. हिंदुस्थानात आलेल्या साध्या गोऱ्या शिपायाचे आयुष्य बहुतांशी वाट पाहण्यात जाई. ऊन, धूळ, मलेरिया, घरापासून हजारो मैलांचे अंतर, आणि दिवस ढकलण्यापलीकडे काम नाही. त्यातून माणसे खरोखर वेडी होत. याचा पुरावा इंग्रजी भाषेतच सापडतो, आणि तो नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहत. जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याचा मोसम चुकला तो महिनोन्‌महिने अडकला. तिथे डोके फिरलेल्या शिपायाला ‘डुलाली टॅप’ झाला असे म्हणू लागले. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडमध्ये वेडसर माणसाला ‘डुलाली’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना देवळाली कुठे आहे हे ठाऊक नसते. या तापावर लष्कराला सापडलेले एक औषध म्हणजे छावणीतला रंगमंच. संध्याकाळी कुणीतरी तोंडाला रंग फासून उभा राही आणि शे-दोनशे कंटाळलेल्या, घाबरलेल्या माणसांना हसवी. लिओ हे औषध देणाऱ्यांपैकी एक होता.

स्पाइकचे बालपण पुण्यात आणि मग रंगूनमध्ये गेले. पुण्यात तो कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत शिकला. कवायत पाहायची, बँड ऐकायचा आणि रात्री आई-बापांना रंगमंचावर पाहायचे, हा त्याचा शाळेबाहेरचा अभ्यासक्रम. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करी खर्चात कपात झाली, लिओची नोकरी गेली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हा शब्द आई-बापांपुरता. मुलासाठी तो परका देश होता. उन्हात वाढलेला, नोकरचाकर असलेल्या घरातला हा पोरगा दक्षिण लंडनच्या धुरकट वस्तीत आला. हातातोंडाशी गाठ असे दिवस होते. तो कारकुनी करू लागला आणि संध्याकाळी ट्रम्पेट घेऊन जॅझच्या बँडमध्ये वाजवू लागला.

१९४० मध्ये लष्कराचे बोलावणे आले. नेमणूक झाली ती रॉयल आर्टिलरीच्या ५६ व्या हेवी रेजिमेंटमध्ये. बाप तोफखान्यात, आजोबा तोफखान्यात, आता नातूही तोफखान्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल गावी तुकडी तैनात होती. समोरच्या तीरावर हिटलरचे सैन्य उभे होते. या तुकडीला दिलेल्या तोफा पहिल्या महायुद्धातल्या होत्या, ९.२ इंची हॉवित्झर. आणि सरावासाठी गोळेच नव्हते. मग शिपाई तोफ सज्ज करत, नेम धरत आणि सगळे मिळून तोंडाने ‘धडाम्!’ असे ओरडत.

स्पाइकचा पुढचा सगळा विनोद या ओरडण्यात आहे असे मला वाटते. देशावर कोणत्याही क्षणी हल्ला होईल अशी स्थिती आहे, समोर मरण आहे आणि हाती आहे फक्त आवाज. अशा वेळी माणूस रडू शकतो किंवा हसू शकतो. ज्याने लहानपणापासून बापाला कंटाळलेल्या शिपायांपुढे उभे राहून हशा पिकवताना पाहिले होते, त्याने हसण्याची वाट धरली.

युद्धावर हसावे की नाही हा प्रश्न तेव्हा नवा नव्हता. स्पाइक जन्मला त्याच वर्षी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, चार्ली चॅप्लिनचा ‘शोल्डर आर्म्स’ आला होता. खंदकांत माणसे मरत असताना खंदकातल्या शिपायाची गंमत दाखवू नये, असे त्याला जवळच्यांनी सांगितले होते. चित्रपट आला आणि लढाईवरून परतलेल्या शिपायांनीच तो डोक्यावर घेतला. स्पाइक भरती झाला त्या १९४० मध्ये चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ आला. चॅप्लिन मोठा होताच, पण तो कधी लढाईवर गेला नव्हता. स्पाइक गेला.

१९४३ च्या जानेवारीत त्याची तुकडी अल्जीरियात उतरली. उत्तर आफ्रिकेतला एक प्रसंग पुढे स्पाइकचा विनोदातला जोडीदार झालेला हॅरी सेकोम्ब आयुष्यभर सांगत असे. सेकोम्ब तेव्हा दुसऱ्या एका तुकडीत होता. एकदा कड्याच्या पायथ्याशी तो असताना वरून एक प्रचंड हॉवित्झर गडगडत खाली आली आणि त्याच्या जवळून गेली. थोड्या वेळाने वरून एक शिपाई उतरला आणि त्याने विचारले, “कुणी तोफ पाहिली का?” सेकोम्ब म्हणाला, “कुठल्या रंगाची?” विचारणारा होता स्पाइक. मरण हातभर अंतरावरून निघून गेले आणि दोघे तरुण त्यावर हसले. पुढे नभोवाणी गाजवलेल्या दोस्तीची ही पहिली भेट.

आफ्रिकेनंतर इटली. १९४४ च्या जानेवारीत, माँटे कॅसिनोच्या लढाईत, उखळी तोफेच्या गोळ्याच्या स्फोटात स्पाइक जखमी झाला. पायाची जखम भरली. मनाची भरली नाही. तोफेचा आवाज झाला की तो थरथरू लागे, त्याची बोबडी वळे, डोळ्यांतून पाणी येई. बरा होण्याआधीच त्याला पुन्हा तोफांपाशी पाठवले गेले, आणि काम जमेना तेव्हा त्याची बढतीची फीत काढून घेतली गेली. शेवटी त्याला लढाईतून मागे आणले. लष्कराच्या करमणूक पथकात तो गिटार आणि ट्रम्पेट वाजवू लागला, सोंगे करू लागला. बापाने छावणीत जे केले तेच आता मुलगा नेपल्समध्ये करत होता. फरक इतकाच की आता ज्या रोग्यांना औषध द्यायचे त्यांच्यात तो स्वतःही होता.

नेमक्या त्याच काळात त्याच्या जन्मगावात काय चालले होते, हेही इथे सांगायला हवे. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर, ऑगस्ट १९४२ पासून, नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेसचे इतर नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. नगरात जन्मलेला एक शिपाई जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढताना इटलीत मोडून पडला होता, आणि नगरच्याच किल्ल्यात त्याच सरकारने स्वातंत्र्य मागणाऱ्यांना कोंडले होते. इटलीच्या त्या आघाडीवर नगर जिल्ह्यातली आणखीही माणसे होती. निमज गावचे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून पाठीवर वाहून सुरक्षित आणले, मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठा पलटणीची युद्धगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधवांचे शौर्य आणि स्पाइकची थरथर यांची तुलना करू नये. एकाच युद्धाने एकाच जिल्ह्याच्या दोन मुलांकडून घेतलेली ही दोन वेगळी देणी आहेत, आणि दोन्हींपुढे मान लवावी.

युद्धानंतर स्पाइक, सेकोम्ब, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटाइन एकत्र आले. सेलर्सही युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थान फिरून गेला होता. २८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ‘द गून शो’ म्हणून १९६० पर्यंत चालला. बहुतेक सगळे लेखन स्पाइकचे. त्यातल्या गोष्टींना तर्काचा लगाम नव्हता, पात्रे मरत आणि पुढच्या वाक्याला बोलू लागत. आणि दर थोड्या वेळाने स्फोट होत असे. ज्या आवाजाने त्याचे मन फाटले, तोच आवाज तो आठवड्यामागून आठवडे कागदावर लिहून काढत होता आणि लाखो लोकांना त्यावर हसवत होता. बेक्सहिलला तोंडाने केलेला ‘धडाम्’ आणि कॅसिनोला खरा झालेला धडाम्, दोन्ही त्यात आहेत. त्याची किंमत त्याने भरली. १९५२ च्या अखेरीस त्याला पहिला मोठा मानसिक झटका आला. दोन टोकांत हेलकावणाऱ्या त्या आजाराने, बायपोलर डिसऑर्डरने, पुढे त्याला जन्मभर सोडले नाही. मनाच्या आजाराविषयी कुणी चारचौघांत बोलत नसे त्या काळात तो उघडपणे बोलला, आणि १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्याने नैराश्यावर पुस्तकही लिहिले.

१९७१ साली त्याच्या युद्धाच्या आठवणींचा पहिला खंड आला. त्याचे नाव तेच, ज्यावरून चित्रपट निघाला. एकूण सात खंड झाले आणि शेवटचा १९९१ मध्ये आला. वडील गेल्यावर दोन वर्षांनी हे लेखन प्रसिद्ध होऊ लागले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा घरातली जुनी ट्रंक उघडतो. स्पाइकने आठवणींची ट्रंक उघडली.

चित्रपटाचे दिग्दर्शन नॉर्मन कोहेन यांनी केले. हिंदुस्थानचा उल्लेख नावातही नसलेल्या या चित्रपटाची एक वाट पुन्हा महाराष्ट्रात येते. त्यातल्या सार्जंटांपैकी एकाचे काम विंडसर डेव्हिस या नटाने केले होते. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बीबीसीवर तोफखान्याच्या करमणूक पथकावरची एक विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यातल्या कडक सार्जंट-मेजरच्या भूमिकेने डेव्हिस घराघरांत पोचला. ती मालिका सुरू होते देवळालीच्या छावणीत. तिचे एक लेखक जिमी पेरी स्वतः युद्धकाळात देवळालीच्या पथकात होते. लिओसारख्या छावणीतल्या हौशी नटांची ती दुनिया अशा रीतीने इंग्लंडच्या दिवाणखान्यात पोचली.

पण त्या दुनियेत हिंदुस्थानी माणूस कुठे होता, हेही विचारले पाहिजे. बहुधा तो पंखा ओढणारा, चहा आणणारा किंवा हसण्याचा विषय होता. देवळालीच्या मालिकेत गोऱ्या नटाने तोंड रंगवून हिंदुस्थानी नोकर उभा केला. स्पाइकनेही १९६९ मध्ये एका मालिकेत तोंड सावळे रंगवून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश माणूस रंगवला. ती मालिका सहा भागांतच बंद पडली. गून शोमधले बॅनर्जी आणि लालकाका हे त्याचे आणि सेलर्सचे आवाज हिंदुस्थानी बोलण्याची नक्कल करत. त्या नकलेत लहानपणी कानांवर पडलेल्या बोलण्याची माया होती, आणि राज्यकर्त्याच्या पोराची मुजोरीही होती. ज्या मातीने त्याला कान दिला तिचे देणे त्याने पुरते फेडले नाही, असे मी नगरच्या बाजूने उभा राहून म्हणेन.

साम्राज्यानेही त्याचे देणे फेडले नाही. १९६० च्या सुमारास त्याने ब्रिटिश पासपोर्ट मागितला तेव्हा अडचण निघाली. बाप आयर्लंडचा आणि जन्म हिंदुस्थानातला, म्हणून निष्ठेची शपथ घ्या असे सांगण्यात आले. ज्या राज्यासाठी लढताना आपण मनाने मोडलो, त्याच्याशी निष्ठा पुन्हा सिद्ध करायला तो तयार झाला नाही. बापाच्या जन्मभूमीच्या नात्याने तो आयरिश नागरिक झाला. पुढे ब्रिटनने त्याला नाइटचा किताब दिला तोही मानदच, कारण कागदावर तो परका होता. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितले होते ना, अशा अर्थाचे वाक्य त्याला थडग्यावर हवे होते. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते रुचेना, तेव्हा ते आयरिश भाषेत कोरले गेले. शेवटचा विनोदही बापाच्या देशाच्या भाषेत लिहिला गेला.

आता पुन्हा त्या चित्रपटाकडे जाऊ. घर लंडनमधले आहे, साल १९४० च्या आसपासचे. पडद्यावरचा तरुण स्पाइक उमदा, बेफिकीर आहे. आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना नाही. कड्यावरून घसरलेली तोफ त्याने अजून पाहिलेली नाही, कॅसिनोचा डोंगर पाहिलेला नाही, इस्पितळातले रडणे त्याला माहीत नाही. आणि त्याच्या समोर बाप म्हणून उभा असलेल्या माणसाला हे सगळे ठाऊक आहे, कारण ते त्याच्यावरच गुदरलेले आहे. खऱ्या लिओला १९४० मध्ये हे कळणे शक्य नव्हते. मुलगा लढाईवर निघाला तेव्हा बापाने चार विनोद केले असतील, कारण घाबरलेल्या शिपायाला हसवायचे हेच त्याला येत होते. तीस वर्षांनी मुलगा बापाच्या कपड्यांत उभा राहतो, बापाच्याच रीतीने हसवतो, आणि त्या हसवण्यामागे बापाने काय गिळले असेल ते त्याला तिथे उभे राहून कळते. नगरच्या छावणीत ज्याने त्याला प्रथम कडेवर घेतले, त्या माणसाला त्याने त्या थोड्या वेळापुरते आपल्या अंगात उतरवून घेतले होते.